फ्रॅक्टल अँटेनातली ‘अनंत लांबी’ कुठे अडते

‘फ्रॅक्टल नक्षीमुळे नखाएवढ्या जागेत अनंत लांबीची तार मावते, म्हणून हा इवलासा अँटेना मोठ्याइतकंच काम करतो आणि कुठलाही बँड पकडतो’ असा दावा सध्या जोरात फिरतोय. फ्रॅक्टल म्हणजे तोच आकार लहान-लहान होत स्वतःतच पुन्हा येणारी नक्षी, बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा. या दाव्यातलं एकेक विधान तपासू.

अनंत लांबी: कोख वक्रात प्रत्येक सरळ तुकड्याच्या मधल्या तिसऱ्या भागावर त्रिकोणी उंचवटा काढत जातात, त्यामुळे त्याची लांबी दर पायरीला ४/३ पट होते. ६ सेंमी उंचीत पाच पायऱ्यांनंतर सुमारे २५ सेंमी तार बसते. ६ सेंमीचा सरळ मोनोपोल (ग्राउंडवर उभी एकच तार) १२०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास रेझोनन्सला येतो, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला सर्वात चांगलं काम करतो. नुसत्या लांबीवर सगळं ठरत असतं, तर कोख मोनोपोल ३००ला यायला हवा. तो तिथवर जातच नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत फ्रिक्वेन्सी उतरते, मग जवळजवळ थांबते, कारण शेजारच्या तुकड्यांत कपलिंग (एकमेकांवर विद्युतचुंबकीय परिणाम) होऊन वळणं जणू वगळली जातात. त्यात पाचव्या पायरीचा तुकडा जेमतेम ०.२५ मिमी. ०.२ मिमीचा ट्रॅक (सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ) ठेवलात तर कोपरे तांब्यानं भरतात आणि हाती एक दातेरी पट्टी उरते. तिसऱ्या पायरीला, २.२ मिमीच्या तुकड्यावर थांबावं. तेवढ्याच उंचीची साधी नागमोडी तारही हेच काम करते. अँटेना संशोधक स्टीव्हन बेस्ट यांनी २००२-०३मध्ये ते दाखवून दिलंय.

मोठ्याइतकंच काम: छोट्या अँटेनाला जास्तीत जास्त किती बँडविड्थ (वापरता येणाऱ्या फ्रिक्वेन्सींची रुंदी) मिळू शकते हे सांगणारी चू यांची १९४८ची मर्यादा फक्त अँटेनाला वेढणारा गोल मोजते, नक्षीला त्यात जागाच नाही. छोट्या अँटेनाचा आकार निम्मा केला, की तेवढ्याच एफिशियन्सीला (दिलेल्या पॉवरपैकी प्रत्यक्ष प्रसारित होणारा हिस्सा) बँडविड्थ साधारण आठव्या हिश्शावर येते. मग छोट्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप) रुंद पट्ट्यात छान का दिसतो? बहुतेकदा पॉवर तांब्यात आणि एफआर-४मध्ये (सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये) जिरते म्हणून. ५० ओहमच्या डमी लोडचाही (काहीच प्रसारित न करणाऱ्या रेझिस्टरचाही) एसडब्ल्यूआर उत्तमच असतो! खात्री करायची तर रेझोनन्सला रेझिस्टन्स मोजा, मग अँटेनावर तांब्याचा डबा पालथा घाला (कडा ग्राउंडला नीट टेकलेल्या हव्यात) आणि पुन्हा मोजा. उघड्यावर ३० आणि डब्याखाली ९ ओहम आले, तर एफिशियन्सी ७० टक्के, कारण डब्याखाली प्रसारण थांबतं, उरलेले ९ ओहम म्हणजे नुसता तोटा.

कुठलाही बँड: इथे मात्र फ्रॅक्टलची खरी ताकद दिसते. संशोधक कार्लेस पुएन्ते आणि सहकाऱ्यांच्या १९९८मधल्या ८.८९ सेंमी उंच सिएरपिन्स्की (त्रिकोणात त्रिकोण असलेल्या) मोनोपोलला ०.५२, १.७४, ३.५१, ६.९५ आणि १३.८९ गिगाहर्ट्‌झ असे पाच बँड मिळाले. आतले त्रिकोण निम्मे होत जातात, म्हणून वरचे बँड दुपटीत पडतात. पहिलं अंतर ३.३ पट, कारण सर्वात मोठ्या त्रिकोणाबाहेर आकृती संपते. म्हणजे बँड मिळतात ते भूमिती ठरवील तिथेच. ९००/१८०० मेगाहर्ट्‌झची जोडी दुपटीत बसते, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झ हवे असतील, तर त्रिकोणांचं प्रमाण २ऐवजी २.४च्या जवळ घेऊन आकृती नव्यानं काढावी लागते.