आधी कागद का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डॅशबोर्डच्या, म्हणजे कारखान्याचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनच्या, लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिता, 'पॉवर बीआयमध्ये (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) अर्ध्या दिवसात होणाऱ्या कामासाठी तुम्ही आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन बसायला सांगता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीला हे परवडत नाही. पाय चार्ट नको म्हणणं तर नुसतं पुस्तकी. आणि तुमचा नमुना डॅशबोर्ड इंग्रजीत. आमच्या शेडमध्ये तो वाचणार कोण?' तुम्ही फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवता, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो.

रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेला माल. समजा एप्रिलमध्ये १०,००० नग ओतले. त्यातल्या ५०० नगांतले ब्लोहोल (धातूत अडकलेल्या वायूच्या पोकळ्या) गिऱ्हाइकाकडे मशीनिंग झाल्यावर उघडे पडले आणि माल मेमध्ये परत आला. मेमध्ये ऑर्डर कमी, ओतकाम ५,००० नगांचं. घाईत केलेला डॅशबोर्ड मेमध्ये परत आलेल्या नगांना मेच्या उत्पादनाने भागतो आणि १० टक्के दाखवतो. मालक मेच्या मोल्डरना (साचे करणाऱ्यांना) धारेवर धरतो. खरा दोष एप्रिलचा, तोही ५ टक्क्यांचा. परत आलेला नग हीट नंबरवरून (भट्टीतल्या कोणत्या वितळणीचा, त्या क्रमांकावरून) ओतल्या तारखेला जोडला तरच हे कळतं, आणि जोडायचं हे आधी माणसाने ठरवावं लागतं. सॉफ्टवेअरला दोन रकाने दिले की ते भागाकार करून मोकळं होतं.

हीच चूक मी एका कारखान्यात केली आहे. तीन आठवडे तो आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर होता आणि एका पाळीच्या माणसांनी विनाकारण बोलणी खाल्ली. ते मला आजही लागतं.

म्हणून कागद. त्यावर प्रत्येक आकड्यापुढे एवढंच लिहायचं : हा पाहून कोण, कधी, काय बदलणार? भट्टीवाल्याला टनामागे किती युनिट जळले ते प्रत्येक हीटनंतर हवं. रिजेक्शन आठवड्याला पुरतं. दोन्ही एका स्क्रीनवर कोंबायची गरज नाही. ज्या आकड्यापुढे नाव लिहिता येत नाही, तो काढायचा. मालकांची वीस आकड्यांची यादी बहुतेकदा अशी पाच-सहावर येते. मग पॉवर बीआयचं काम खरोखर अर्ध्या दिवसात होतं, त्यात तुमचं बरोबर आहे. आठवडा मात्र कमी करता येईल : सुपरवायझर आणि स्टोअरवाला एकत्र बसले तर दोन दुपारी पुरतात.

पाय चार्टचं मात्र मला मान्य नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांचे निष्कर्ष मांडले : एकाच पायरेषेवरच्या पट्ट्यांची तुलना माणूस जितकी अचूक करतो, तितकी कोनांची करत नाही, आणि पाय चार्टच्या गोलातल्या फाका म्हणजे कोनच. ब्लोहोल, सँड ड्रॉप, श्रिंकेज, मिसमॅच अशा दोषांच्या सात फाकांत दुसरी मोठी की तिसरी, हे लांबून ओळखून पाहा. उतरत्या क्रमाच्या पट्ट्यांत ते लगेच दिसतं.

भाषेचा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. आपल्याकडे सुपरवायझर मराठी, मोल्डर कन्नड, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. हीट, ब्लोहोल हे शब्द दोघांच्याही तोंडी आहेत, ते तसेच राहू देत. बाकीची शीर्षकं दोन्ही भाषांत करून नमुना बदलतो आहे.

तुमच्या एक्सेल शीटमध्ये परत आलेल्या मालापुढे हीट नंबरचा रकाना आहे का, तेवढं कळवा. नसेल तर आधी गेटवरच्या रजिस्टरपासून सुरुवात करू.