हिज्कीयाची अंजिरं कुणी गिळली?

‘ख्रिस्ती बंधुभगिनींनो, विज्ञानाने हात टेकले!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या चर्चच्या आणि प्रार्थनामंडळांच्या ग्रुपांवर फिरतोय. शेवटी नेहमीचं ‘दहा जणांना पाठवा’ आहेच. एरवी सोडून दिला असता. पण परवा नेरूळच्या मावशीने तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग मी शुगरची गोळी बंद करू का रे?’ तिचं वय ६७. आता उत्तर लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गणितज्ञ गोडेलने १९३१ साली सिद्ध केलं की विज्ञानाला काहीच सिद्ध करता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग म्हणाला की नक्की असं काहीच कळत नाही. विश्वाचा ९५ टक्के भाग शास्त्रज्ञांना माहीतच नाही. विज्ञान दर पन्नास वर्षांनी शब्द फिरवतं. नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाच्या काळातला, बायबलप्रमाणे सूर्य थांबला होता तो, हरवलेला दिवस सापडला. आणि सरतेशेवटी, प्रेषित पौल म्हणतो माणसाचं ज्ञान अपुरं आहे, आसा राजा वैद्यांकडे गेला म्हणून मेला, तेव्हा २१ दिवस उपास-प्रार्थना करा आणि गोळ्या सोडा.

चार मुद्द्यांत विज्ञान कवडीमोलाचं आणि पाचव्यात बायबलवर शिक्का मारायला तेच विज्ञान हवं! असो. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे खरे मानून कुणी आयसीयूत जात नाही.

आधी आसा राजा. बायबलच्या २ इतिहास १६:१२ मध्ये आहे ते असं: पायांचा आजार बळावला, तरी त्याने परमेश्वराला शोधलं नाही, वैद्यांना शोधलं. ‘वैद्यांकडे गेला म्हणून मेला’ हे मेसेजवाल्याने पदरचं घातलंय. तोच अध्याय वरून वाचा. आसाने मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या बेन-हदादला पाठवलं, आणि त्याचा जाब विचारणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं. सगळ्या अध्यायभर ठपका आहे तो देवाला सोडल्याचा. वैद्याची फी दिल्याचा नाही.

आता हिज्कीया राजा, आणि इथे मेसेजवाल्याची लबाडी उघडी पडते. नासाच्या गोष्टीसाठी त्याने २ राजे २० हा अध्याय वापरलाय, सावली दहा पायऱ्या मागे गेली ती ९ ते ११ ही वचनं. म्हणजे अध्याय त्याच्यासमोर उघडा होता. त्या अध्यायात घडतं काय? हिज्कीया मरणाला टेकलेला आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. पाचव्या वचनात देव सांगतो की मी तुला बरं करतो, सहाव्यात पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून देतो. यापेक्षा पक्कं आश्वासन कुणाला मिळणार? आणि लगेच सातव्या वचनात यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. त्या काळातला तो पोटिसाचा उपचार. देवाचा शब्द मिळाल्यावरही संदेष्ट्याने औषध लावायला सांगितलं, आणि त्यात कुणाला अविश्वास दिसला नाही. सावलीची खूण आठव्या वचनापासून पुढे येते. मेसेजमध्ये सावली आहे, अंजिरं गायब.

‘याकोब ५:१४ मध्ये तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय’ असंही कुणीतरी खाली लिहिलंय. सांगितलंय ना. औषध टाका असं कुठे सांगितलंय? पौलाबरोबर हिंडणाऱ्या लूकला कलस्सैकर ४:१४ मध्ये ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. कॅथलिक असाल तर आपल्या बायबलमधला सिराखचा ३८वा अध्याय काढा (प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं). औषधं परमेश्वराने भूमीतून उत्पन्न केली, शहाणा माणूस ती झिडकारत नाही, आजारपणात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे. एका दमात दोन्ही.

आता गोळ्या सोडल्यावर शरीरात काय होतं ते. टाइप १ मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत गाडी रुळावरून घसरू शकते. साखर रक्तात भरपूर, पण पेशींच्या आत जात नाही. शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन्स तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं, ग्रुपवर प्रार्थनेची विनंती रिक्षात बसून टाका.

टाइप २ मध्ये फसगत वेगळी आहे. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर ती लघवीत उतरू लागते, तेव्हा कुठे तहान आणि वारंवार लघवी सुरू होते. तोवर माणूस ‘गोळीशिवाय मस्त वाटतंय’ अशी साक्ष देऊन मोकळा झालेला असतो. वर उपास चालू असला की उपाशीपोटीची साखर काही दिवस खरंच कमी दिसते, कारण पोटात काही गेलेलंच नाही. खरं चित्र एचबीए१सीमध्ये कळतं. ती चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. २१ दिवसांच्या साक्षीने तिथे काही सिद्ध होत नाही. वजन उतरवून, आहार बदलून काहींच्या गोळ्या खरोखर कमी होतात, हे कबूल. पण त्या डॉक्टर तपासण्या बघून, पायरीपायरीने कमी करतात.

उलट चूकही होते: गोळी चालू आणि पोट रिकामं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही. म्हणून प्रायश्चित्तकाळ (लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस) सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा.

आणि मुळात चर्च काय सांगतं? कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १२५२व्या कलमाप्रमाणे उपासाचं बंधन १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तेही दिवसात एक पूर्ण जेवण घेऊन. आजाऱ्यांना तेवढंही बंधन नाही. मावशी दोन्ही नियमांनी सुटते. रोमला जे मागता येत नाही ते हा मेसेज मागतोय.

आता नासा. गोष्ट अशी की, मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रात शास्त्रज्ञ ग्रहांची जुनी स्थानं काढत होते, कॉम्प्युटर अडला, एक दिवस कमी भरला. यहोशवा १० मधून २३ तास २० मिनिटं मिळाली, हिज्कीयाच्या सावलीतून उरलेली ४० मिनिटं, हिशोब जुळला. ही गोष्ट नासापेक्षा जुनी आहे. टॉटन नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८९० मध्येच हरवलेल्या दिवसाचं गणित मांडलं होतं, तेव्हा ना नासा होती ना कॉम्प्युटर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हॅरॉल्ड हिल नावाच्या वक्त्याने त्यात कॉम्प्युटर घातला. गोडार्डने असं काही घडल्याचा इन्कार केलेला आहे.

इन्कार बाजूला ठेवला तरी गणितच उभं राहत नाही. ग्रहांची मागची स्थानं आजच्या स्थानांवरून उलटं जात काढतात. त्या गणितात ‘दिवस हरवला’ असं कधी दिसूच शकत नाही. त्यासाठी त्या काळाची, ठिकाण आणि वेळ सांगणारी वेगळी नोंद हातात लागते. अशी नोंद असली की काय होतं त्याचं खरं उदाहरण आहे. इ.स.पू. १३६ मध्ये, १५ एप्रिलला, बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या पाटीवर आहे. पृथ्वीचा दिवस तेव्हाही आजच्याएवढाच होता असं धरून गणित केलं, तर ग्रहणाची सावली बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडते. एक अंश म्हणजे चार मिनिटं, म्हणजे सव्वातीन तासांची तफावत. ती लपवली गेली नाही. पृथ्वीचं फिरणं मंदावतंय, शंभर वर्षांत दिवस पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास लांबतो, आणि लाखो दिवसांची बेरीज तासांत जाते, हे अशाच नोंदींनी पक्कं झालं. या कामाला येणाऱ्या नोंदी मागे जाऊन इ.स.पू. ७२०च्या सुमाराला थांबतात. यहोशवा त्याच्या कितीतरी आधीचा.

त्या ४० मिनिटांचीही गंमत ऐका. दहा अंश गुणिले चार मिनिटं असा तो हिशोब. पण ‘अंश’ आले जुन्या इंग्रजी भाषांतरातून. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पायऱ्या. जिन्याच्या एका पायरीवरून सावली सरकायला किती मिनिटं लागतात, हे जिना बघितल्याशिवाय कोण सांगणार? यहोशवाच्या त्या दिवसावर विश्वास ठेवायचा असेल तर श्रद्धेने ठेवा. खोट्या शिक्क्याची त्याला गरज नाही. आकाश-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने भलतंच बोलला की ऐकणारे पुनरुत्थानाच्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत, अशी तंबी संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच दिलेली आहे.

बाकीचे मुद्दे भराभर.

९५ टक्के: विश्वातल्या एकूण ऊर्जा-वस्तुमानात साधारण ५ टक्के नेहमीचे अणू, २७ टक्के कृष्णद्रव्य, ६८ टक्के कृष्णऊर्जा. ही विश्वाची वाटणी आहे, शास्त्रज्ञांच्या प्रगतिपुस्तकातले गुण नव्हेत. आणि ती मोजली कुणी?

शब्द फिरवणं: ११ जानेवारी १९२२ला टोरोंटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, साखर थोडीच उतरली, टोचलं तिथे गळू झालं. (पुन्हा गळूच!) कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचलं आणि मुलगा सावरला. बारा दिवसांत शब्द फिरवला म्हणून ते पोर वाचलं.

हायझेनबर्ग: त्याचा १९२७चा अनिश्चिततेचा नियम (कणाची जागा जितकी पक्की, वेग तितका अनिश्चित) आकड्यांत बघा. अणूएवढ्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला किमान ५८० किलोमीटरच्या घरात जाते. एक मिलिग्रॅमचा रव्याचा कण घ्या, त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत पक्की धरा. वेगातली अनिश्चितता इतकी नगण्य की विश्वाच्या १३८० कोटी वर्षांतही तिच्यामुळे केसाच्या जाडीएवढा फरक पडायचा नाही. ग्लुकोमीटरच्या आकड्याशी या नियमाचा संबंध शून्य.

गोडेल: त्याचा सिद्धांत अशा औपचारिक गणिती पद्धतींबद्दल आहे, ज्यांत पुरेसं अंकगणित मांडता येतं, ज्यांची गृहीतकं नियमाने नोंदता येतात आणि ज्या आपल्याच विरोधात जात नाहीत. अशा पद्धतीत काही विधानं त्या पद्धतीच्या आत सिद्धही होत नाहीत, खोटीही ठरत नाहीत. फक्त बेरजेचं अंकगणित घेतलं तर ही अडचण येतच नाही. ते पूर्ण आहे हे १९२९मध्येच दाखवलं गेलं. मलेरिया डासामुळे पसरतो असली प्रयोगाने तपासायची गोष्ट याच्या आवाक्यात कुठेच येत नाही. हां, गोडेलने देवाच्या अस्तित्वाचा एक तार्किक पुरावा वहीत लिहून ठेवला होता, एवढं खरं. पण तोही काही गृहीतकं आधी मान्य करा म्हणतो.

आता नाइलाजाने जे कबूल करायचं ते: विज्ञानाला सीमा आहेत. पण मेसेजवाल्याला त्या सापडलेल्या नाहीत. खाडीकाठच्या कुणालाही विचारा. पुढच्या वर्षीच्या अमावास्येला ठाण्याच्या खाडीत उधाण कधी येईल, हे आज मिनिटांत सांगता येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती, असणार हेही. पण त्या दिवशी पाऊस किती कोसळेल, तीन हात नाक्याला पाणी भरेल का, हे सांगता येत नाही. हवामानात सुरुवातीची बारीकशी चूकही वाढत जाते आणि सुमारे दोन आठवड्यांपलीकडे तपशिलाचा अंदाज विरून जातो. चूक अशी वाढत जाते हे हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झने १९६३ मध्ये दाखवलं. ही सीमा विज्ञानाने स्वतःच मोजली. दुसरी सीमा वेगळ्या जातीची: औषधाने दोन वर्षं आयुष्य वाढेल का, हे चाचणीतून कळतं, अंथरुणाला खिळलेल्या सासूची ती दोन वर्षं आपण कशी काढायची, हे कुठल्याही प्रयोगशाळेत कळत नाही. ईयोबाला देवाने ३८व्या अध्यायात विचारलं, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? त्या प्रश्नापुढे शास्त्रज्ञाने गप्प राहावं, आणि प्रवचनकारानेही.

ही हद्द ओळखणारा माणूस म्हणजे फादर लेमेत्र, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा कॅथलिक पाद्री. २२ नोव्हेंबर १९५१ला पोप बाराव्या पायसनी त्या सिद्धांतात उत्पत्तीच्या निर्मितीकथेचा आधार असल्यासारखं भाषण केलं, तेव्हा हा पाद्री अस्वस्थ झाला. खुद्द पोपचा पाठिंबाही त्याला या कामी नको होता.

आणि पौल. मेसेजने ज्याचा आधार घेतलाय ते १ करिंथकर १३:९ दोन भागांचं वचन आहे. आपल्याला अंशतः कळतं, हा पहिला भाग. आणि आपण देवाच्या नावाने जो संदेश देतो तोही अंशतःच देतो, हा दुसरा. मेसेजमध्ये पहिलाच छापलाय.