घरात साखर नव्हती त्या सोमवारी

श्रावणातला सोमवार होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. बायको शाळेतून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "अहो, हात बघा कसे थरथरतायत." बाहेर धो धो पाऊस, इथे गोव्यात फोंड्याला सकाळपासून वीज नाही, आणि हिच्या कपाळावर घामाचे थेंब. साखर मोजायचं मशीन काढून बोट टोचलं. ५८.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं. मी फडताळ उघडलं आणि तिथेच थिजलो. घरात साखर नव्हती. जानेवारीत हिला मधुमेह निघाला तेव्हा मीच हद्दपार केली होती. गूळ नव्हता, मध नव्हता, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली सरबताची बाटलीही मी मोठ्या अभिमानाने कुणाला तरी देऊन टाकली होती.

अनवाणीच शेजारी पळालो. वहिनींनी वाटीभर साखर आणली आणि विचारलं, "कोणाला?" आमच्या हिला, म्हटल्यावर त्यांनी वाटी चक्क मागे घेतली. "भाऊजी, तिला शुगर आहे ना!" त्यांना तरी काय बोलणार? आठ महिने त्यांच्यासमोर मी हेच तर घोकत होतो. वाटी जवळजवळ हिसकावूनच आणली. साडेसहाला आकडा ९४ वर आला आणि हिने पोटभर जेवून घेतलं. मी मात्र रात्री उशिरापर्यंत ओट्यापाशी उभा होतो.

झालं होतं असं की उपास म्हणून सकाळपासून एका केळ्यावर होती आणि गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या होत्या. दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर इतकी खाली नेत नाही. दुसरी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुठल्या भाजीत किती कर्बोदकं ते तोंडपाठ होतं, पण आपली बायको रोज गिळते ती गोळी करते काय, हे विचारायचं सुचलं नव्हतं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आता आम्ही आधी डॉक्टरांना विचारतो. ग्लुकोजच्या पावडरीचा एक डबा घरात आणि एक पुडी हिच्या पर्समध्ये असते.

पर्सवरून आठवलं. जानेवारीत दाढ काढायची म्हणून रक्त तपासलं आणि उपाशीपोटी साखर निघाली १८२. एचबीएवनसी ८.६. (६.५ किंवा वर गेलं की मधुमेह. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी त्यात कळते, म्हणून आदल्या दिवशी कारल्याचा रस पिऊन ते फसत नाही. आमच्या एका आत्याने तसा सल्ला दिला होता.) ही गप्प झाली आणि मी कामाला लागलो. म्हणजे हुकूम सोडायला लागलो. हे नको, ते नको, किती घेतलंस, आज किती आली. महिनाभरात मंगेशीची जत्रा. घरी आल्यावर गाडीची किल्ली शोधायला मी हिच्या पर्समध्ये हात घातला, तर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं खाजं हाताला लागलं. दोन तुकडे, आल्याचा वास येणारे, गुळाने बोटांना चिकटणारे. पन्नाशीची बाई, पंचवीस वर्षं पोरांना शिकवणारी, आणि नवऱ्यापासून खाजं लपवते! मी रागावलो. आज लाज त्या रागाची वाटते. समोर बसून एक तुकडा खाल्ला असता तर काही आभाळ कोसळलं नसतं. लपून खाल्लं की मोजमाप राहत नाही, आणि मग मशीनवरचा आकडाही लपवावासा वाटतो. मार्चमध्ये तेही झालं.

आता थोडं कडू बोलतो. माझ्या वडिलांना साखर होती. आईने वीस वर्षं त्यांची भाकरी वेगळी भाजली, चहा वेगळा केला, गोळीचं पाणी हातात दिलं. घरातल्या पुरुषाला साखर झाली की स्वयंपाकघर त्याच्याभोवती फिरतं. बाईला झाली की तिचं काम तेवढं वाढतं. आमची ही आमच्यासाठी भात-हुमण (माशाची आमटी) करायची, मुलाला चपात्या, आणि शेवटी स्वतःची नाचणीची भाकरी. तीही निवलेली खायची. मी आठ महिन्यांत पथ्यावर भाषणं किती दिली ते विचारू नका. भाकऱ्या किती भाजल्या ते सांगतो, शून्य.

डोळे उघडले ते डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाने. ऑगस्टमधल्या त्या प्रकारानंतर गेलो होतो. रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालता का, म्हणून त्यांनी हिला विचारलं. ही म्हणाली, वेळ होत नाही. मी लगेच पुढे, "किती वेळा सांगितलं मी हिला!" डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "जेवल्यावर भांडी कोण घासतं?"

तेव्हापासून मी घासतो. पहिला आठवडा कढईचं बूड काळंच राहायचं आणि ही चालून आल्यावर गुपचूप परत घासायची. आता बरं जमतं. आमचं घर चढावावर आहे, खाली देवळापर्यंत जाऊन वर यायला अठरा मिनिटं लागतात. जेवणानंतर लगेच चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात, एवढंच त्यामागचं गणित. नियम म्हणून नाही, पण सवड असली की मीही सोबत जातो.

भाताचं काय, असं सगळेच विचारतात. गोव्यात राहून शीत-हुमण सोडा म्हणणं म्हणजे समुद्राला मागे सरक सांगणं. "उकडं चालतं" हे आपलं लाडकं समाधान. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखर जरा हळू वाढवतो, पण ताटात डोंगर केला तर कुठलाच तांदूळ ऐकत नाही. आम्ही वाद घालण्यापेक्षा मोजून बघितलं. नेहमीचं ताट, दोन तासांनी २३६. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, आधी वालीची भाजी भरपूर, भाजलेला बांगडा, मग भात-हुमण: १६८. आम्हाला १८० च्या आत ठेवायला सांगितलंय. हिचे आकडे हिचे, तुमचे वेगळे येतील. पोईचंही, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावाचंही, तेच. कोंडा लावलाय म्हणून आम्ही रोज चार आणायचो. एके सकाळी पोदेराला (पाववाल्याला) सरळ विचारलं, तर सायकलवरून उतरून हसत म्हणाला, "मैदोच चड, कोंडो वयर." मैदाच जास्त, कोंडा नुसता वरून. प्रामाणिक माणूस. आता दोन आणतो, एकेक.

२०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. देशाचं ११.४. चार मोठ्या माणसांत एक! याचा आपल्यावर परिणाम काय झाला, तर "गोंयांत कोणाक ना शुगर?" म्हणून हात झटकायचे. कुणालाही सांगा, हेच ऐकायला मिळतं आणि सोबत जांभळाच्या बियांची पूड. डोळ्यांचा पडदा तपासायला मात्र कुणी सांगत नाही. टाइप टू मधुमेह वर्षानुवर्षं न कळता आत बसलेला असू शकतो, म्हणून डोळे, लघवीतलं प्रथिन आणि पाय निदान झाल्याबरोबरच बघायचे असतात. हिचे पाय मी रोज रात्री बघतो. मे महिन्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणं आम्ही बंद केलंय. पायांची संवेदना कमी होऊन चटका न जाणवणं हीच खरी भीती. प्रदक्षिणा सकाळी सातला घालतो. देव तेव्हाही तिथेच असतो.

आणि ज्यांना हा सगळा बायकोचा विषय वाटतो त्यांच्यासाठी: कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता. जोडीदाराला मधुमेह असेल तर दुसऱ्याला होण्याचा धोका २६ टक्क्यांनी जास्त दिसला. जेवण एक, सोफा एक, आळस एक. डॉक्टरांनी माझंही रक्त काढायला लावलं. एचबीएवनसी ६.१. म्हणजे उंबरठ्यावर. आठ महिने ज्याच्या हातात छडी होती तोच नापास होता होता वाचला. ही दवाखान्यात काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर इतकी हसली की मी गाडी सुरूच केली नाही.

चवथीला दरवर्षी ही दीडशे नेवऱ्या (करंज्या) करते आणि मग सगळे मिळून तिला एकही खाऊ देत नाहीत. यंदा नेवऱ्या साठच झाल्या. कातणं माझ्या हातात होतं, त्यामुळे तळताना अर्ध्या फुटल्या आणि सारण तेलात. हिने दुपारी एक खाल्ली, सगळ्यांसमोर, पंगतीत बसून. भावाने "वहिनी, शुगर!" म्हटलं. मी त्याला पान वाढायला उठवलं. खतखतें (मिश्र भाज्यांचं) मात्र तिने तीनदा घेतलं आणि पुढच्या आठवड्यात एचबीएवनसी ६.८ आलं. साखरेचा डबा आता ओट्यावर परत आलाय.

एकच अडचण उरलीय. तिझन (नाचणीची खीर) गूळ न घालता खाण्यासारखं कसं होतं? ताक आणि मीठ घालून केलं, वरून जिरं फोडणीला टाकलं. हिने दोन चमचे खाल्ले, छान आहे म्हणाली आणि उरलेलं मांजरासमोर ठेवलं. मांजरानेही वास घेऊन तोंड फिरवलं. कुणाच्या घरी जमलं असेल तर खाली लिहा.