‘पुट ऑफ म्हणजे पोस्टपोन’ एवढ्यावर थांबू नका

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक तक्ता सतत फिरत असतो. डावीकडे फ्रेजल व्हर्ब (म्हणजे क्रियापद आणि ऑफ, अप, इन्टू यांसारखा छोटा शब्द मिळून झालेली, स्वतंत्र अर्थाची जोडी), मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे एक भारदस्त शब्द: पुट ऑफ = पोस्टपोन, गिव्ह अप = क्विट, लुक इन्टू = इन्व्हेस्टिगेट. सोबत चार विधाने असतात. प्रत्येक फ्रेजल व्हर्बला एका शब्दाचा नेमका पर्याय असतो. तो पर्याय कुठेही वापरता येतो. फ्रेजल व्हर्ब ही बोलण्यातली हलकी भाषा, लिहिताना टाळावी. आणि त्यांना काही तर्क नसतो, पाठ करणे हाच उपाय. या विधानांचा तोटा नेमका मेहनतीने शिकणाऱ्यांना होतो, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. उदाहरण पुट ऑफचेच घेऊ.

पहिले विधान: एक फ्रेजल व्हर्ब, एक अर्थ. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ म्हणजे बैठक पुढे ढकलली, इथे तक्ता बरोबर आहे. पण ‘हिज मॅनर पुट मी ऑफ’ हे वाक्य घ्या. त्याच्या वागण्याने माझे मन विटले, असा त्याचा अर्थ. ‘डोन्ट लेट द प्राइस पुट यू ऑफ’ म्हणजे किंमत बघून बेत सोडू नका. ‘स्टॉप स्टेअरिंग, यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे असे टक लावून बघू नकोस, माझे लक्ष उडते. हा वापर विशेषतः ब्रिटिश इंग्रजीतला. आणि ‘शी पुट हिम ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस’ म्हणजे तिने गुळमुळीत आश्वासन देऊन त्याची बोळवण केली. या चारही ठिकाणी पोस्टपोन घालून बघा, वाक्य निरर्थक होते. तिथे अनुक्रमे रिपेल, डिटर, डिस्ट्रॅक्ट हे शब्द जवळचे ठरतात, आणि बोळवणीला तर एका शब्दाचा चपखल पर्याय सापडतच नाही.

मग अर्थ ओळखायचा कसा? कर्म बघायचे. कर्म एखादे काम, कार्यक्रम किंवा निर्णय असेल तर तो पुढे ढकलला जातो. कर्म माणूस असेल तर बहुधा त्याचे मन तरी उडते, लक्ष तरी, नाहीतर त्याला टोलवले जाते. बहुधा म्हणायचे कारण, ‘वुई हॅड टू पुट अवर गेस्ट्स ऑफ’ यात कर्म माणसेच आहेत, तरी अर्थ ‘पाहुण्यांना आत्ता येऊ नका असे कळवावे लागले’ असा होतो. म्हणून शिकताना शब्दापुढे बरोबरचे चिन्ह लिहू नये, शब्दासोबत त्याचे कर्म लिहावे. ही एक सवय अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे विधान: समानार्थी शब्द कुठेही चालतात. पुट ऑफच्या शेजारी पोस्टपोन, डिले, डिफर, अ‍ॅडजर्न, प्रोक्रॅस्टिनेट असे पाच शब्द मांडलेले दिसतात, पण प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे. ठरलेली गोष्ट जाणूनबुजून पुढच्या वेळेवर नेली तर पोस्टपोन. डिले आपोआपही होतो: धुक्यामुळे विमान ‘डिलेड’ असते, ते ‘पुट ऑफ’ झाले असे कोणी म्हणत नाही. डिफर निर्णय, पैसे भरणे, प्रवेश अशा गोष्टींना शोभतो. त्याला टू जोडले की दुसऱ्याच्या मताला मान देणे असा निराळाच अर्थ निघतो. अ‍ॅडजर्न सभा, सुनावणी यांच्यासाठी, आणि तो मुख्यतः चालू कामकाज तहकूब करण्याला वापरतात. प्रोक्रॅस्टिनेटमध्ये लॅटिनमधला ‘उद्या’ दडलेला आहे. त्याला सहसा कर्म लागत नाही आणि त्यात चालढकलीचा ठपका असतो. पुट ऑफ या सगळ्यांच्या मधे उभा आहे. तो बैठकीलाही चालतो, पण ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ यात जी नकोशी वाटण्याची, टाळाटाळीची छटा आहे ती पोस्टपोनमध्ये उतरत नाही. कॉल ऑफला तर या यादीत जागाच नाही. कॉल ऑफ म्हणजे रद्द. या दोन्हींची गल्लत झाली तर पुढे ढकललेल्या मुलाखतीची माणूस वाटच बघणार नाही.

तिसरे विधान, फ्रेजल व्हर्ब हलकी असतात. काही असतात, चिल आउट किंवा मेस अप अर्जात लिहू नयेत. पण सगळ्या जातीवर तो शिक्का मारणे अन्यायाचे आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, देव मोशेला जोडे काढायला सांगतो ते ‘पुट ऑफ’ याच शब्दांत. तेव्हा अंगावरचे उतरवणे हाही त्याचा अर्थ होता. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांची दखल घेतली आणि परभाषकांना सर्वांत जास्त अडचण यांचीच होते असे नोंदवले. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जुलमी सरकार झुगारण्यासाठी शब्द आहे ‘थ्रो ऑफ’. आजही शोधनिबंधात प्रयोग ‘कॅरी आउट’ होतात, न्यायालये आदेश ‘सेट असाइड’ म्हणजे रद्दबातल करतात.

आणि पोस्टपोनचा भारदस्तपणा कुठून आला? लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. घडण पुट ऑफसारखीच: एक ठेवणारे क्रियापद आणि एक दिशा. लॅटिनचा पोशाख चढला म्हणून अर्थ अधिक नेमका होत नाही.

चौथे विधान: तर्क नाही, पाठ करा. ऑफमध्ये ‘दूर, सुटून, वेगळे’ ही कल्पना आहे. कट ऑफ म्हणजे तोडून वेगळे करणे, फेंड ऑफ म्हणजे परतवून दूर ठेवणे, सी ऑफ म्हणजे निरोप देणे. पुट ऑफमध्ये काम आजपासून दूर जाते, माणसाचे मन एखाद्या गोष्टीपासून दूर जाते, आणि बोळवण केलेला माणूस दारापासून. आपल्यालाही हे परके नाही. ‘घेणे’ तेच राहते, पण हाती घेणे, मनावर घेणे, अंगावर घेणे यांत अर्थ किती बदलतो! हा तर्क सगळीकडे पुरत नाही हेही खरे. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो, गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो. तर्काने अंदाज बांधावा आणि वाक्यावर पडताळावा.

तक्ता एक गोष्ट तर सांगतच नाही: हे वाक्यात बसवायचे कसे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आले की ते मधेच बसते: ‘पुट इट ऑफ’, कधीही ‘पुट ऑफ इट’ नाही. पुढे क्रिया आली तर ती आयएनजी लावून, म्हणजे ‘पुट ऑफ गोइंग’. ‘पुट ऑफ टू गो’ चूक. पोस्टपोनलाही हाच नियम लागू आहे.