गाडी नापसंत

काल संध्याकाळी माझ्या गाडीला बघायला आले होते. चाकाला लाथ मारून पाहिली, डिकी उघडून पाहिली आणि 'कळवतो' म्हणून निघून गेले. हे स्थळ मी बोलावलेलं नव्हतं. गाडी मला द्यायचीच नव्हती. तरी रात्री जेवण गोड लागलं नाही.

माझी गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची. खालच्या मॉडेलला स्विच नसतात, पण स्विचांच्या जागा असतात आणि त्यावर काळी प्लास्टिकची झाकणं बसवलेली असतात. माझ्या उजव्या हाताशी अशी चार आहेत. इथं काहीतरी होतं पण तुमची ऐपत नव्हती, हे रोज सकाळी ऑफिसला जाताना वाचायचं. वरच्या मॉडेलला पायाशी मंद निळा उजेड येतो. तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त! एलईडीची पाच मीटरची पट्टी बाजारात साडेतीनशेला मिळते. म्हणून रविवारी सकाळी साताऱ्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी डोकं स्टिअरिंगखाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत होतो.

"काय बिघाडलंय?"

दुसऱ्या मजल्यावरच्यांचे वडील. गावाकडून थंडीपुरते लेकाकडे येतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. मफलर, कानटोपी, हातात दुधाची रिकामी किटली.

"काही नाही आबा."

"मंग उकलून कशाला बसलाय?"

"पायाशी लाईट लावतोय."

आबांनी किटली बॉनेटवर ठेवली. मुक्काम ठरला.

"पायाशी? पाय काय वाचत्यात व्हय?"

"शोभेसाठी हो."

"कुणाला शोभा? पाय तुमचं, बूट तुमचं, गाडी तुमची. बघनार कोन?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी पट्टी कापायला घेतली. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दिव्यांचा एक संसार असतो. निळा दिवा साधारण तीन व्होल्ट खातो. तिघांचे नऊ, उरलेले शेजारचा रेझिस्टर पचवतो. म्हणून दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण छापलेली असते, तिथंच कापायचं. आबांशी बोलता बोलता मी दोन दिव्यांनंतर कापली. ते दोघे कायमचे विधुर झाले. या निळ्या उजेडासाठी २०१४ साली जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि मी तो कांदा कापायच्या कात्रीनं मारला.

पुढचं काम फ्यूज बॉक्समधलं. सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून वायर घ्यायची. घेतली. तिचं उघडं टोक सीटखालच्या लोखंडी पट्टीला टेकलं, फट् असा बारीक आवाज आला आणि पंधरा अँपियरचा निळा फ्यूज गेला.

"आता बिघाडली," आबा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

नवा फ्यूज घालून, टेप गुंडाळून, शेवटी पट्टी पेटली. सकाळच्या उजेडात ती दिसेना, म्हणून आबा स्वतःच आत बसले, दार लावून घेतलं आणि मफलर काचेवर धरून अंधार केला. मिनिटभर काहीच हालचाल नाही. मला काळजी वाटू लागली. मग काच खाली आली.

"पुतण्याचं लगीन हाय वैशाखात. वरातीला किती घ्याल?"

"आबा, ही भाड्याची गाडी नाही."

"तसं सगळीच म्हनत्यात. आकडा सांगा."

"अहो, पांढरी पाटी आहे. भाड्यानं द्यायची तर पिवळी पाटी लागते."

"मंग हळद लावू की पाटीला. लगीनच हाय."

मी गप्प झालो. याचा अर्थ आबांनी होकार असा घेतला.

"फकस्त वर एक फिरता लाल दिवा बशिवा."

"तो लावता येत नाही. मंत्र्यांच्यासुद्धा गाड्यांवरचा १ मे २०१७ पासून काढला."

"मंग मोकळंच पडलं आसतील की सगळं. बगा कुटं मिळतोय का."

किटली उचलून ते दुधाला गेले.

सोमवारी सकाळी पोवई नाक्यावर पट्टीचा चिकटपणा संपला. क्लचवरच्या पायाला गार, लिबलिबीत, निळं असं काहीतरी वेटोळं घालतंय असं वाटलं आणि मी ज्या सुरात ओरडलो तो सूर मी याआधी कधी लावलेला नाही. गाडी बंद पडली. मागच्यानं हॉर्न दिला आणि वर दिवाही मारला. त्या दिव्याबद्दल मात्र मला खरंच बोलायचंय. हेडलाइटमधल्या हॅलोजनच्या आरशात एलईडीचा गोळा कोंबलेला, ज्याचा उजेड रस्ता सोडून आभाळात, झाडात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. उजेडाची जागा हलली की किरण वाटेल तिकडे फेकले जातात. घाटात रात्री असे दहा भेटले की समोर रस्ता आहे की दरी, हे अंदाजानं ठरवावं लागतं. त्यांना कुणी विचारत नाही, 'बघणार कोण?' लोकांना आंधळं करणारे रुबाबात जातात आणि माझ्या चार वॉटच्या उजेडाची चौकशी होते. मी तर फक्त स्वतःचे बूट उजळत होतो!

असो. पट्टी मी सोमवारीच पुन्हा चिकटवली, यावेळी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून. आणि काल संध्याकाळी आबा पुतण्याला घेऊन हजर. मी 'गाडी द्यायची नाही' हे वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत खाली उतरलो. पण उतरण्याआधी मी गाडी पुसली होती, हे कबूल करतो. पट्टीही चालू करून ठेवली होती.

पुतण्यानं दार उघडलं, खाली वाकून पाहिलं. पार्किंगमध्ये बऱ्यापैकी अंधार होता. उजेड छान पडला होता.

"आबा, ह्ये तर आत हाय," तो म्हणाला. "वरातीत लोकं भायेर असत्यात."

"म्या म्हनलं नव्हतं, बघनार कोन?" आबा माझ्याकडं वळून म्हणाले.

"दोन दिवे पेटतबी न्हाईत," पुतण्या म्हणाला.

मग चाकाला ती लाथ. मग ते 'कळवतो'. जाताना आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घिऊ नका. दुसरं कुनी भेटंल."