‘अठरा वर्षांची आहे, घे की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी उत्तर लिहायला बसलो होतो. चांगलं झणझणीत लिहिलं आणि पाठवलं नाही. सकाळी परत वाचलं तेव्हा पाठवलं नाही ते बरं झालं असं वाटलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘चांगली स्कॉच, थोडीशी, सावकाश’ अशा आशयाचा माझा लेख वाचून ताईंनी लिहिलं की स्कॉच घेतो तो रसिक आणि देशी घेतो तो दारुडा, हा तुमच्यासारख्यांचा सोयीचा हिशेब आहे. मर्यादा मर्यादा म्हणता, पण ती मोजतं कोण? त्यांचे वडीलही सुरुवातीला मर्यादेतच घेत होते. पुढे घरात काय झालं ते त्यांनी दोन ओळींत लिहिलंय, ते मी इथे पुन्हा उगाळत नाही. शेवटी एक आव्हान दिलंय : ‘श्रावण सोडून एखादा महिना थांबून दाखवा. श्रावणात पंचांग थांबवतं, तुम्ही नाही.’

आधी मोजण्याचं बघू. मी ‘एक स्मॉल’ घेतो, म्हणजे ३० मिली, असा माझा इतकी वर्षं समज. तुमचं वाचल्यावर खोकल्याच्या औषधाचं टोपण शोधलं, त्यावर १० मिलीची खूण असते. नेहमीच्या हाताने ग्लासात ओतली आणि मग टोपणाने मोजत मोजत परत बाटलीत भरली. पाच टोपणं भरली, सहावं अर्ध्यावर आलं. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती. बोलली काहीच नाही, टोपण मात्र लगेच धुवायला घेतलं.

म्हणजे माझा स्मॉल ५५ मिलीचा. आपल्याकडे भरलेल्या व्हिस्कीत अल्कोहोल बहुतेक ४२.८ टक्के असतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा २०१६ पासूनचा सल्ला असा की बाई असो की पुरुष, आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. गणित केलं तर माझ्या हाताचे सहा ‘स्मॉल’ झाले की आठवडा संपला. आणि आपल्या मित्रमंडळींत ‘रोज दोन लार्ज (म्हणजे ६०-६० मिली), त्याच्यावर कधी नाही’ असं अभिमानाने सांगणारा जो एक असतोच, तो या हिशेबाने अडीच पटीच्या पुढे आहे. बरं, हा सल्लासुद्धा ‘एवढी प्या’ असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की अमुक इतकी घेतली तर धोका नाही, असं प्रमाण नाही. त्यामुळे माझ्या लेखातलं ‘थोडी घेतली तर हृदयाला बरीच’ हे वाक्य मी काढून टाकलंय. ते मी कुठल्याशा पार्टीत ऐकलं होतं आणि मला सोयीचं होतं, एवढाच त्याला आधार.

दारू तीच, हेही कबूल. पोटात गेल्यावर यकृत बाटलीवरचं लेबल वाचत नाही.

पण चव खोटी आहे, रसिकता सगळी ढोंग आहे, असं म्हणाल तर ते नाही पटत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, उच्चार ‘आयला’. (लहानपणी हा शब्द तोंडातून गेला की आजी डोळे वटारायची.) तिथे बोमोरच्या डिस्टिलरीत अजूनही काही बार्ली जुन्या पद्धतीने फरशीवर पसरून मोडवतात, लाकडी फावड्यांनी उलथीपालथी करतात आणि मग खाली पीट जाळून त्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेलं शेवाळ आणि गवत. त्या फरशीवर वाकून मी मूठभर बार्ली हातात घेतली. ओलसर, गोडूस वास, मटकीला मोड आल्यावर फडकं सोडताना येतो त्याच्या जवळचा. त्याच्यावर धूर. त्याच बेटावरच्या काही व्हिस्क्यांना चक्क टिंक्चर आयोडीनचा वास येतो, आणि तोच लोकांना आवडतो. हे सगळं नाकाला कळतं आणि त्याला अर्धा पेगही लागत नाही. ते मी लिहिणारच.

त्या दिवशी गाडी बायको चालवत होती, ती घेत नाही. स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली मर्यादा १०० मिलीला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली. (आपली ३० आहे, कागदावर.) चव घेण्याची वेळ आली तेव्हा तिथल्या मुलीने तिला एक छोटीशी झाकणाची बाटली दिली, तुमच्या वाट्याची घरी न्या म्हणून. का घेत नाही, कधीपासून, एक घोट तरी, काही नाही. आम्हाला दोघांनाही ते इतकं चमत्कारिक वाटलं की गाडीत बसल्यावर आम्ही त्याच्यावरच बोलत होतो.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. दारूची किंमत युनिटमागे अमुक पेन्सच्या खाली नको, असा कायदा त्याच देशाने २०१२ मध्ये केला. व्हिस्की उद्योगाची संघटना त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात हरली. मे २०१८ पासून युनिटला ५० पेन्स, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून ६५. जिथे व्हिस्की पिकते तिथल्या सरकारलाही तुमच्यासारखंच वाटतं, एवढं त्यावरून कळतं.

आता ज्यासाठी खरं तर माफी मागायला हवी ते. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, कारण ते लेखात नव्हतंच.

काही वर्षांपूर्वी घरी चार मित्र जमले होते. त्यातल्या एकाने सोडली होती. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तो ‘नको’ म्हणाला एवढंच माहीत होतं. आपल्याकडे ‘नको’ म्हणजे आणखी एकदा विचारा. पंगतीत जिलबी वाढताना लागलेली सवय ग्लासापर्यंत येते. मी म्हणालो, ‘अरे, अठरा वर्षांची आहे, घे की. ही काय दारू आहे?’ मग माझं कीर्तन सुरू. बाटलीवर आकडा असतो तो आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय; ओकच्या पिंपात पडून असताना दर वर्षी दोनेक टक्के हवेत उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. तो हात ग्लासावर आडवा धरून शांतपणे ऐकत होता. म्हणाला, ‘मग माझाही वाटा त्यांनाच दे.’ सगळे हसले, मीही हसलो. आणि नंतर आणखी एकदा आग्रह केला.

तो लवकर उठून गेला. कारण मला दुसऱ्याकडून कळलं, चार महिन्यांनी.

मला एकावर थांबता येतं ते माझं कर्तृत्व नाही. तुमच्या वडिलांनी माझ्याइतकाच विचार केला असेल, कदाचित जास्तच. ज्याला थांबता येत नाही त्याला ‘माझ्यासारखा बेताने घे’ म्हणणं हे दमेकऱ्याला जिना चढून दाखवण्यासारखं झालं. माझ्या लेखात ते होतं, तुम्हाला ते बरोबर दिसलं.

राहिलं तुमचं आव्हान. श्रावण मी दरवर्षी पाळतो, गटारीला आगाऊ वसुली करून. त्यामुळे तुमचा टोला बसला. आज अकरावा दिवस. तिसऱ्या दिवशी सवयीने ग्लास काढून पुसून ठेवला होता. मग त्यात कोकम सरबत ओतलं, ते काही जमलं नाही. पावणेआठ ते साडेआठ हा वेळ फार लांबतो. श्रावणात इतका लांबत नाही, तेव्हा सगळेच थांबलेले असतात, एकमेकांना फोन करून दिवस मोजतात.

महिना झाल्यावर पुन्हा सुरू करणार का? आत्ता विचाराल तर हो, शनिवारी, टोपणाने मोजून. पण हे अकराव्या दिवसाचं उत्तर आहे. तिसाव्या दिवसाचं इथेच खाली लिहीन.