गाईच्या डोळ्यात मीठ-तंबाखू घालू नका

पशुपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणणं असं: जनावराच्या डोळ्यात फूल पडलं तर मीठ चावून फुंकावं किंवा तंबाखूचं पाणी सोडावं, आठवड्यात डोळा साफ. डॉक्टर पैशासाठी डोळाच काढतात. ते पाप आहे, शिवाय अशी गाय बिथरते आणि दूध आटतं.

आधी मीठ-तंबाखू. फूल म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला झालेली जखम किंवा तिचा वण. कडब्याचं धसकट लागतं, शेपटीचा फटका बसतो, माश्या रोगजंतू आणतात. जखम वरवरची असेल तर बहुतेकदा ती आपसूक भरते, पांढरेपणाही हळूहळू ओसरतो. तेवढ्यात कुणी मीठ फुंकलेलं असलं की श्रेय मिठाला. जखम खोल असेल तर मात्र तेच मीठ, तंबाखूची आग आणि फुंकणाऱ्याच्या तोंडातले जंतू मिळून पडदा फुटायची वेळ आणतात. औषधाने वाचला असता असा डोळा मग काढावाच लागतो. या मेसेजचा खरा राग येतो तो इथे.

डॉक्टर सरसकट डोळा काढतात, हेही खोटं. डोळ्यातून सारखं पाणी येत असेल आणि तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा) उचलून पाहिली, तर कधी खाली पांढऱ्या दोऱ्यासारखे, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे जंत वळवळताना दिसतात. तेही माश्यांमुळेच. ते धुऊन काढायचे, जंतनाशक द्यायचं. साथीने डोळे आले तर अँटिबायोटिक. कॅन्सरची गाठ फक्त तिसऱ्या पापणीवर असेल तर तेवढी पापणीच कापतात. डोळा काढायचा तो गाठ आत पसरली, बुबुळ फुटलं किंवा दृष्टी गेलेला डोळा ठणकतच राहिला तर.

आता पाप. डोळ्याच्या नसांपाशी भूल देतात. मोठं जनावर बऱ्याचदा खोड्यात उभंच असतं. दोन्ही पापण्या आधी एकमेकींना शिवतात, म्हणजे आतली घाण जखमेत उतरत नाही. मग कडेने कापत डोळा मोकळा करायचा, मागची रक्तवाहिनी बांधायची, डोळा काढून वरून कातडी शिवायची. खोबण उघडी राहत नाही. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. धोका आहेच: रक्त जातं, पू होऊ शकतो, कॅन्सर हाडापर्यंत गेला असेल तर तो उलटतो. पण सडलेल्या डोळ्यात अळ्या पडलेली गाय तशीच दावणीला ठेवणं, याला दया कसं म्हणायचं?

बिथरण्याचं म्हणाल तर ठणका थांबला की गाय पुन्हा वैरणीला लागते. दूध कमी होतं ते मुख्यतः दुखण्यानं आणि खाणं सुटल्यानं. गेलेला डोळा भिंतीकडे येईल अशी बांधा, त्या बाजूने जाताना आधी हाक द्या.

डोळा मिटलेला, पाणावलेला किंवा पांढरा दिसला तर जनावर सावलीत घ्या, माश्या हटवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा किंवा 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा. घरातले माणसांचे जुने थेंबही घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते.